रुबिस्कोची लहान सबयुनिट्स नुसती बाराती का?

मृण्मयी_इंदूर
राजेंद्र नगरात बारावीची बायॉलॉजीची शिकवणी घेते. काल फळ्यावर रुबिस्को, म्हणजे झाडांत हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारा एन्झाइम, काढला: आठ मोठी सबयुनिट्स (एन्झाइमचे प्रथिन-तुकडे), आठ लहान. कार्बन डायऑक्साइड पकडायची जागा मोठ्यांत, असं सांगितलं, तर एक पोरगी म्हणाली, "मग मॅडम, छोटी आठ काय बाराती आहेत?" वर्ग हसला. मी "उद्या सांगते" म्हणून सुटले. उद्या उजाडलाय. कुणी सांगेल का?

जुना_माळी
वऱ्हाडी म्हणा हो ताई! पण पोरगी हुशार आहे. सायनोबॅक्टेरियाच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंच्या) रुबिस्कोतली लहान सबयुनिट्स काढून पाहिली, तर काम जेमतेम १ टक्क्यावर आलं. ती रासायनिक जागेला हात लावत नाहीत, मोठ्यांना नीट आकारात धरून ठेवतात. आणि गंमत बघा, झाडांत मोठ्याचा जनुक क्लोरोप्लास्टमध्ये (पेशीतल्या हरितलवकात), लहानाचा केंद्रकात. लहान सबयुनिट बाहेर तयार होतं, पुढे एक शेपूट लावून क्लोरोप्लास्टच्या दाराशी येतं, आत गेलं की शेपूट कापतात.

सराफ्यातला_खवय्या
भुट्ट्याच्या किसापलीकडे मला काही कळत नाही, पण मका, ज्वारी यांचा रुबिस्को वेगळा असतो म्हणतात?

जुना_माळी
हो. गहू, सोयाबीनचा रुबिस्को सेकंदाला साधारण ३ रेणू हाताळतो, म्हणजे एन्झाइमच्या मानाने अगदीच रमतगमत. ज्वारीचा जास्त वेगवान, पण कार्बन डायऑक्साइडची पकड ढिली. तिला चालतं, कारण पानात ती हा वायू आधीच गोळा करून ठेवते. २०११ मध्ये भातात ज्वारीच्या लहान सबयुनिटचा जनुक घातला, तर भाताच्या रुबिस्कोचा वेग १.३ ते १.५ पट झाला, पण पकडही ज्वारीसारखी ढिली झाली. मोठं सबयुनिट भाताचंच होतं बरं का! म्हणजे बदल लहानाने घडवला.

मृण्मयी_इंदूर
काका, सांगितलं. पोरगी ऐकून घेते, मान हलवते आणि विचारते, "आठच का? सात का नाही?"

जुना_माळी
हा हा! मोठी जोडीजोडीने असतात. चार जोड्या गोल उभ्या करा, मध्ये फटी चार. वरच्या तोंडाला प्रत्येक फटीत एक लहान, खालच्या तोंडालाही तसंच. मोजायला सांगा तिला.