किनाऱ्यावरचा बंद ड्रिल हॉल: आत जाण्याआधी काय पाहायचं?

खारवारा:
इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात जुना ड्रिल हॉल, म्हणजे हौशी सैनिकांचं कवायतघर, बंद पडून आहे. पुढे दुमजली लाल विटांची इमारत, दारावर १९११ कोरलेलं. मागे लांबलचक हॉल, वर करडे नागमोडी पत्रे. हॉलला लागून एक अरुंद, बिनखिडक्यांची खोली. मालकाने तोंडी होकार दिलाय. फोटो आणि मोजमापं घ्यायची आहेत. काय शोधायचं, कशाला जपायचं? एन-९५ मास्क चालेल ना?

विटकर:
बिनखिडक्यांच्या खोलीपासून सुरुवात करा. ती बहुधा .२२ या लहान बोअरच्या रायफलींची चांदमारी, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा. गोळी झाडायच्या जागेपासून निशाणापर्यंत २५ यार्ड, जेमतेम २३ मीटर, भरलं की शंका मिटली. टोकाला वाळू किंवा तिरका पोलादी पत्रा असेल.

१९११ साल अगदी बसतं. १९०७ च्या कायद्याने जुनी स्वयंसेवक दलं एकत्र करून १ एप्रिल १९०८ पासून टेरिटोरियल फोर्स, म्हणजे हौशी सैनिकांची राखीव फौज, उभी राहिली, आणि तिच्यासाठी पुढच्या काही वर्षांत पुष्कळ हॉल बांधले गेले. त्याआधीची लाट १८५९ नंतरची, फ्रेंच स्वारीच्या धास्तीची. ग्रेट यारमथच्या यॉर्क रोडवरचा १८६७ चा हॉल त्या पिढीतला. तिथे आता कलावंतांचा वावर असतो, तेव्हा तो आधी बघून घ्या. किनाऱ्यावर तोफखान्याचे स्वयंसेवक बरेच असत. म्हणून हॉलचं एखादं दार तोफेचा गाडा आत जाईल इतकं रुंद आहे का ते पाहा.

पुढच्या इमारतीत कचेऱ्या, मेस आणि शस्त्रागार. शस्त्रागार ओळखणं सोपं: खिडकीला जाड गज, लोखंडी दार, भिंतीवर रायफली उभ्या करायच्या लाकडी चौकटीच्या खुणा. पत्रे मात्र मूळचे नसावेत. आधी स्लेट, म्हणजे दगडी पाट्या, असतील. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर २५ इंची (मैलाला २५ इंच, म्हणजे बारीक तपशिलाचे) जुने नकाशे फुकट आहेत, इंग्लंडचेही. घरबसल्या निम्मं काम तिथेच होतं.

गंजका_खिळा:
एन-९५ नको. तो साधारण एफएफपी२ या युरोपीय दर्जाच्या बरोबरीचा. ॲस्बेस्टॉसची (जुन्या बांधकामातल्या, फुफ्फुसांना घातक तंतूंची) शंका असेल तिथे त्याहून वरचा एफएफपी३ किंवा पी३ फिल्टरचा अर्धा मास्क लागतो, आणि तोही गुळगुळीत दाढी केलेल्या चेहऱ्यावरच. दोन दिवसांचे खुंटही कडेने हवा आत सोडतात.

करडे नागमोडी पत्रे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतील असंच धरून चाला. शाबूत पत्र्याखालून जाण्यात धोका कमी. खरी भीती मऊसर पार्टिशन-बोर्ड, छताच्या फळ्या आणि पाइपांवरच्या लेपाची. ते फुटून जमिनीवर पडलेले दिसले, तर मास्क असला तरी मागे फिरा. ब्रिटनमध्ये निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ ला बंद झाला, पांढरा १९९९ ला. त्यामुळे मधल्या डागडुजीवरही भरवसा नाही. ज्याच्याकडे इमारतीच्या देखभालीची जबाबदारी आहे त्याने ॲस्बेस्टॉसची नोंदवही ठेवायची असते. मालकाकडे तीच मागा. नसेल, तर त्यावरूनच इमारतीची निगा कळली.

आता जमीन. "भिंतीकडेने चाला, तिथे आधार असतो" हा सल्ला इथे उलटतो. तुळयांची टोकं ओल्या विटांत खोचलेली असतात, आणि कुजायला सुरुवात तिथेच होते. फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा पाहा, त्यांच्याखाली तुळई असते. तिच्यावर, पण भिंतीपासून हातभर आत, पाऊल टाका. आधी काठी टोचून बघायची. फळी मऊ लागली किंवा आवाज भद्द आला की थांबा. छपरावर अजिबात चढू नका. तो पत्रा माणसाचा भार पेलत नाही.

खाऱ्या वाऱ्यात छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या (तिकोनी सांगाडे) गंजतात त्या जोडांपाशी आणि भिंतीत शिरतात त्या टोकांपाशी. जुनं घडीव लोखंड पापुद्रे सुटत सोलतं. असे पापुद्रे खाली पडलेले दिसले तर त्या कैचीखाली कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडू नका. जुन्या स्लेट अजून शाबूत असतील तिथे लोखंडी खिळे गंजून त्या सुटतात, म्हणून छपराच्या कडेखाली उभं राहायचं नाही.

चांदमारीतल्या वाळूत आणि धुळीत शिसं आहे. झाडू नका, हात घालू नका, आठवण म्हणून गोळी उचलू नका. बाहेर आल्यावर खाण्यापूर्वी हात-तोंड धुवा. कपडे वेगळे धुवा, लहान मुलं घरी असतील तर नक्कीच.

कलमबहाद्दर:
तोंडी होकारावर जाऊ नका. दोन ओळींची ईमेल घ्या: तारीख, वेळ, कोणकोण. आणि होकार देणारा खरोखर मालक आहे का, ते लँड रजिस्ट्रीत, म्हणजे सरकारी मालकी-नोंदणीत, थोडेसे पौंड भरून पाहता येतं. बंद दिसणारे काही हॉल अजून राखीव सेनेच्या किंवा कॅडेटांच्या ताब्यात असतात.

इंग्लंड-वेल्समध्ये नुसतं विनापरवाना शिरणं ही दिवाणी बाब. पण कुलूप तोडलं, काच फोडली तर फौजदारी. लष्कराच्या काही ठिकाणांवर तर नुसतं पाऊल ठेवणंही २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. व्हिसावर असाल तर जास्त जपा: पोलिसांची कॉशन (खटल्याऐवजी दिलेली औपचारिक ताकीद) सुद्धा व्हिसाच्या अर्जात विचारतात.

खारवारा:
नोंदवही मागतो. हॉल अंधारा असेल आणि वर काचेचा पट्टा असेल, तर फोटोचं काय? फ्लॅश?

विटकर:
फ्लॅशमध्ये हवेतली धूळ पांढरे ठिपके होऊन दिसते. तिकाटणं, आयएसओ १००, एफ/८, आणि एकाच चौकटीचे तीन फोटो: मधला, दोन स्टॉप (उजेडाच्या पायऱ्या) कमी, दोन जास्त. नंतर जोडा. ढगाळ दिवस निवडा, नाहीतर काचेच्या पट्ट्याचा ऊन-सावलीचा जिना जमिनीवर उमटतो आणि फळ्यांचे बारकावे जातात. मोजमापाला लेझर मीटर घ्या, पण चांदमारीच्या खोलीत कापडी टेप नको. तो धूळ ओढत घरी येतो.

गंजका_खिळा:
+१. आणि फोटोंसोबत गावाचं नाव टाकू नका. छपराच्या शिशाच्या पट्ट्या चोरणारेही हे फोटो बघतात.