मदत हवी आहे: एचटीएमएलवरून सीएसएसकडे कधी वळू?

नमस्कार मंडळी. तीन आठवडे रोज एचटीएमएल (वेबपानाचा सांगाडा लिहायची भाषा) शिकतेय; सीएसएस (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) अजून सुरू केलेली नाही. हेडिंग, लिस्ट, लिंक, टेबल आता न बघता लिहिता येतात. फॉर्म मात्र अडतो. काल लेबलचा 'फॉर' आणि इनपुटचा (माहिती भरायच्या चौकटीचा) 'आयडी' जुळत नव्हता, त्यामुळे लेबलवर क्लिक केलं तरी कर्सर काही चौकटीत जाईना. एका अक्षराची चूक सापडायला तास गेला!

दुसरीकडे, परिच्छेदांत जागा सोडायला मी चार-चार 'बीआर' (ओळ तोडणारे टॅग, म्हणजे एचटीएमएलच्या खुणा) टाकतेय. हे काम सीएसएसमधल्या मार्जिनचं, एवढं कळतंय. मग आताच सीएसएस सुरू करू, की नॅव्ह, आर्टिकल, सेक्शन हे पानाचे भाग दाखवणारे टॅग आधी पक्के करू? दोन्ही सोबत शिकल्यास गोंधळ उडतो का? तुम्ही कधी वळलात, जरूर सांगा.