जुन्या राज्यातलं किरकोळ उत्पन्न, स्टेट रिटर्न भरावं लागतं का? मदत हवी आहे

मोगरा_७७
अमेरिकेचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, टॅक्स रिटर्न भरून झालं. आता टॅक्सचं सॉफ्टवेअर म्हणतंय की जुन्या राज्याचंही रिटर्न भरा, आणि त्याचे पैसे वेगळे! आम्ही तिथे राहतही नाही. एवढ्याशा रकमेसाठी भरायलाच हवं का? जरा लवकर सांगा, १५ एप्रिलची मुदत तोंडावर आलीय.

रानमांजर
कुठलं राज्य? आता कुठे असता? उत्पन्न कसलं, पगार, भाडं की व्याज? पत्रिका न दाखवताच भविष्य विचारताय.

मोगरा_७७
न्यू जर्सी. डिसेंबर २०२३ मध्येच सगळे टेक्सासला आलो. रिटर्न २०२४ चं. इथे उत्पन्नावर स्टेट टॅक्स नाही, म्हणून हा विषयच डोक्यात नव्हता.

घाटावरचा
काही भरू नका. न्यू जर्सीचे १०,००० डॉलरच्या आत असतील तर रिटर्न लागत नाही. मी सरळ सोडून दिलं होतं, आजवर कुणी विचारलं नाही.

रानमांजर
साफ चूक. ती मर्यादा एकट्याला १०,०००, नवरा-बायको मिळून भरत असतील तर २०,०००. आणि ती वर्षभराच्या, सगळीकडच्या मिळून उत्पन्नाला लागते. टेक्सासचा पगारही त्यात धरायचा. तुम्हाला कुणी विचारलं नाही हा काही नियम नव्हे.

घाटावरचा
म्हणजे टेक्सासच्या पगारावर न्यू जर्सीला टॅक्स? लूट आहे नुसती!

रानमांजर
तसं नाही हो. आधी एकूण उत्पन्नावर टॅक्स काढायचा, मग त्यात न्यू जर्सीच्या उत्पन्नाचा जेवढा हिस्सा तेवढाच टॅक्स भरायचा. फक्त दर एकूण उत्पन्नाच्या हिशेबाने लागतो.

डॉलरदास
त्यापेक्षा एफबीएआर, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरलात का ते बघा. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी लागतं. लोक हेच विसरतात.

मोगरा_७७
ते झालंय. प्रश्न तो नाहीये.

अंगण
डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद) समोर घ्या. सगळ्यात खालच्या ओळीत बॉक्स १५ (राज्य), १६ (तिथला पगार), १७ (कापलेला टॅक्स) मध्ये काय आहे?

मोगरा_७७
१५ मध्ये एनजे, १६ मध्ये २,९४०, १७ मध्ये ९६. तिथल्या ऑफिसने शेवटच्या पंधरवड्याचा पगार आणि उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे जानेवारीत दिले. शिवाय तिथल्या बँकेचं ४१ डॉलर व्याज आहे.

अंगण
हे आधी सांगितलं असतंत तर एवढी मारामारी झाली नसती :) पगार हातात कुठे पडला याला अर्थ नाही, काम कुठे केलं ते बघतात. म्हणून ते २,९४० न्यू जर्सीचेच. व्याजाचं उलट, तुम्ही राहता तिथलं. बँकेची शाखा न्यू जर्सीतल्या एडिसनला असली तरी फरक पडत नाही.
२०२४ मध्ये तुम्ही एक दिवसही तिथल्या रहिवासी नव्हतात, म्हणून बाहेर राहणाऱ्यांसाठीचा फॉर्म एनजे-१०४०एनआर. त्यात दोन रकाने असतात. सगळीकडचं उत्पन्न पहिल्यात, ते ४१ डॉलरही तिथेच. दुसऱ्यात फक्त न्यू जर्सीचं, तिथे व्याज शून्य. सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. राज्याच्या टॅक्सेशन विभागाच्या साइटवर फॉर्म फुकट मिळतो. डब्ल्यू-२ ची प्रत जोडून पोस्टाने पाठवा. ९६ आधीच कापलेत, ते वजा होतील.

घाटावरचा
माझं ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) तिकडेच आहे. निवृत्त होऊन पैसे काढले की त्यावरही न्यू जर्सी टॅक्स घेणार का?

अंगण
नाही. १९९६ च्या फेडरल कायद्याने जुन्या राज्याला ती मुभा नाही. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

डॉलरदास
टेक्सासला स्टेट टॅक्स नाही म्हणून हुरळू नका. घर घेतलंत की प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघा.

रानमांजर
न्यू जर्सीत राहून आलेल्यांना ते सांगताय? तिथलं बिल काय कमी असतं?

मोगरा_७७
आम्ही दोघं मिळूनच भरतो आणि २०,००० च्या बरेच वर आहोत, म्हणजे सुटका नाही. प्रिंटर बंद आहे, उद्या लायब्ररीत जाऊन काढते. सही दोघांची लागेल का?

अंगण
हो, दोघांची.