सामोआ सगळ्यांच्या आधी स्वतंत्र कसा झाला?

वाचनवेडी: मुलीसोबत ॲटलास बघताना अडले. सामोआ दोन आहेत. पूर्वेकडचा अमेरिकेकडे, पश्चिमेकडचा स्वतंत्र देश. लोक एकच, भाषा एकच. मग ही फाळणी कशी झाली? आणि विसाव्या शतकात पॅसिफिकमधल्या बेटांपैकी पहिलं स्वातंत्र्य याच छोट्या देशाला, १९६२ सालीच, कसं मिळालं?

जुनी_पानं: फाळणी १८९९ ची. जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन तिघांचाही डोळा होता. करारात पश्चिम जर्मनीला, पूर्व अमेरिकेला मिळालं आणि ब्रिटनने दुसरीकडे मोबदला घेऊन माघार घेतली. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच न्यूझीलंडने जर्मन भाग घेतला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेतून, म्हणजे स्वातंत्र्यापर्यंत दुसऱ्या देशाने कारभार सांभाळायच्या सोयीतून, स्वातंत्र्य मिळालं.

दर्यावर्दी: वरचं सगळं बरोबर आहे, पण त्यात माणसं दिसत नाहीत, म्हणून लिहितो. मी बोटीवर अधिकारी होतो. बंदरात शिरताना आम्ही पिवळं निशाण चढवतो. जहाजावर आजार नाही, उतरायची परवानगी द्या, असा त्याचा अर्थ. ती परवानगी चुकीची दिली तर काय होतं, ते सामोआइतकं कुणी भोगलं नसेल.

७ नोव्हेंबर १९१८. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून 'तालून' नावाची बोट पश्चिम सामोआच्या अपिया बंदराला लागली. बोटीवर इन्फ्लूएंझा होता. वाटेत फिजीत तिला विलगीकरणात ठेवलं होतं, पण अपियात आजारी प्रवासीसुद्धा उतरले. सुमारे साडेआठ हजार माणसं गेली, म्हणजे पाचातला एक. पलीकडे अमेरिकेच्या सामोआत, पागो पागोला, अमेरिकन गव्हर्नर पॉयरने बंदर कडक बंद ठेवलं, तिथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी देऊ केलेली मदतही न्यूझीलंडचे प्रशासक कर्नल लोगन यांनी घेतली नाही. मला याचा आजही राग येतो.

गावंच्या गावं ज्येष्ठांविना उरली. 'न्यूझीलंडवाले आपल्यावर राज्य करायला लायक नाहीत' ही भावना तिथेच रुजली, असं माझं ठाम मत आहे. १९२० च्या दशकात 'माऊ' चळवळ उभी राहिली. घोषणा 'सामोआ मो सामोआ', सामोआ सामोअन लोकांचा. गणवेश म्हणजे पांढऱ्या पट्ट्याची गडद निळी लावालावा, कमरेला गुंडाळायचं वस्त्र. कर भरायचे नाहीत, सरकारशी सहकार्य करायचं नाही, हिंसाही करायची नाही.

२८ डिसेंबर १९२९ ला, हद्दपारीतून परतणाऱ्यांच्या स्वागताला निघालेल्या मिरवणुकीवर अपियात पोलिसांनी गोळीबार केला. लोकांना शांत राहा म्हणत पुढे उभे असलेले माऊचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. पुरुष डोंगरात लपले, तेव्हा बायकांनी चळवळ धरून ठेवली.

वाचनवेडी: वाचून अंगावर काटा आला. पण १९२९ ते १९६२, इतकी वर्षं का लागली?

दर्यावर्दी: १९३६ नंतर न्यूझीलंडमधल्या मजूर पक्षाच्या सरकारने माऊशी बोलणी केली. मग महायुद्ध, मग विश्वस्त व्यवस्था, संविधान सभा. मे १९६१ मध्ये सार्वमत झालं, त्यात सगळ्या प्रौढांनी मत दिलं. एरवी संसदेसाठी मत जवळजवळ फक्त मताईंना, म्हणजे कुटुंबाच्या प्रमुखांना होतं, ते १९९० पर्यंत तसंच राहिलं. १ जानेवारी १९६२ ला देश स्वतंत्र झाला. राष्ट्रप्रमुख दोघं नेमले, त्यातले एक तामासेसे घराण्याचे. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी अपियात येऊन साथीबद्दल आणि त्या गोळीबाराबद्दल माफी मागितली.

आणि मुलीला एक नक्की दाखवा. सामोआच्या उपोलू बेटाच्या पश्चिम टोकाला मुलिफानुआ आहे. तिथे फेरीबोटीच्या धक्क्यासाठी समुद्रतळ उपसताना लापिता लोकांच्या, म्हणजे प्राचीन काळी पॅसिफिकच्या बेटांवर वसलेल्या लोकांच्या, मडक्यांची खापरं निघाली, सुमारे २८०० वर्षं जुनी. पहिली माणसं होड्यांतून तिथे उतरली होती. आज त्याच धक्क्यावरून लोक शेजारच्या सावाई बेटाला जातात.

वाचनवेडी: ॲटलासवर मुलिफानुआला पेन्सिलीने खूण केली.