पहिल्या चुकीला पोरांचंच कोर्ट: ठाण्यात चालेल का?

घोडबंदरकर:
टेक्सासातल्या ओडेसा शहरात १९८३ साली ‘टीन कोर्ट’ सुरू झालं. दुकानातली उचलेगिरी, भिंती रंगवणं असल्या किरकोळ गुन्ह्यांत पहिल्यांदाच सापडलेलं पोर तिथे आपल्याच वयाच्या ज्युरीपुढे उभं राहतं. गुन्हा आधी कबूल करायचा. ज्युरी फक्त शिक्षा ठरवते. समाजसेवेचे तास, माफीचं पत्र, आणि पुढे एखाद्या प्रकरणात स्वतःच ज्युरीत बसायचं. हे शेवटचं मला फार आवडलं. आपल्याकडे पामबीच रोडवर बाइक उडवणारा सतरा वर्षांचा हिरो पकडला की बापाला फोन लावतो, बाप नगरसेवकाला. पोर शिकलं काय? फोन कुणाला लावायचा ते. चार पोरांसमोर उभं केलं तर लाज तरी वाटेल.

कोपरीची ताई:
लाज वाटेल, हाच तर घोळ आहे दादा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा. मुलाची ओळख फुटेल असं काही प्रसिद्ध करायचं नाही. आणि आपले सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप! दुपारी सुनावणी, संध्याकाळी भाजीवाल्यालाही ठाऊक. शिवाय बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतातच, त्यात एक तरी बाई. समाजसेवा, समुपदेशन, समज देऊन घरी पाठवणं, सगळं कलम १८ मध्ये आहे. तुम्ही नवीन काय आणताय?

घोडबंदरकर:
कागदावर आहे, मान्य. पुण्यात मे २०२४ मध्ये पोर्शखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा अशाच मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. पोरांनी एवढं स्वस्तात सोडलं नसतं.

वाशीवाला:
ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. आणि दोन माणसं मेलेलं प्रकरण ओडेसातसुद्धा पोरांपुढे गेलं नसतं. तिकडचा राग इकडे काढू नका.

दिघ्याचा मास्तर:
ज्युरीत बसणार कोण ते सांगा आधी. घोडबंदरच्या टॉवरमधली, वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं घेणारी. समोर उभा कोण? एमआयडीसीतून तांब्याची वायर उचललेला. वय सारखं म्हणून हे एकमेकांच्या बरोबरीचे? तो तोंडच उघडणार नाही, आणि न बोलणं म्हणजे मग्रुरी ठरणार. माझ्या वर्गातली पोरं बसवली तरी दयामाया होईल असं समजू नका. मोबाइल चोरणाऱ्याचं काय करावं विचारलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, “दोन ठेवून द्या, सर.” त्यांना घरी तोच न्याय माहीत आहे. मात्र शिक्षा पुरी केलेल्याने पुढे ज्युरीत बसायचं, हे मलाही पटतं. अशी निम्मी ज्युरी असेल तर मी शनिवारी वर्ग उघडून देतो.

घोडबंदरकर:
वा मास्तर! पण पहिल्याच सुनावणीला ही निम्मी ज्युरी आणायची कुठून?

दिघ्याचा मास्तर:
मंडळापुढे जाऊन आलेली पोरं आहेत की. विचारून बघू.

कोपरीची ताई:
म्हणजे ती कोण होती ते सगळ्या वर्गाला कळणार. झालं का परत तेच? आधी त्यांच्या आयांना विचारा, मास्तर.