मदत हवी आहे: मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियाचं कोकणातलं गाव

१८५० च्या दशकात मुंबईहून मॉरिशसला गेलेल्या एका मराठी गिरमिटियाचे (करारावर नेलेल्या मजुराचे) भाऊबंद शोधायचे आहेत. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून तिथे आलेल्या मजुरांच्या नोंदवहीचा उतारा मिळाला आहे: इमिग्रेशन नंबर, जहाज, वडिलांचं नाव, जिल्हा रत्नागिरी. गाव मात्र कारकुनाने ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलंय. कोळंब, कळंब, कोळंबे, काहीही वाचता येतं. आडनाव नोंदलेलंच नाही. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या मुलांना बापाचं पहिलं नावच आडनाव म्हणून लागलंय, त्यामुळे आडनावावरून शोध खुंटतो. तेव्हाच्या रत्नागिरीत मालवणही होतं, म्हणून आजचा सिंधुदुर्गही धरलाय.

प्रत्यक्ष जाणं शक्य नाही, अर्ज टपालानेच करावा लागेल. खोती गावांच्या (जिथे खोत सारा गोळा करायचा) बोटखतात, म्हणजे जमिनी आणि कुळांच्या जुन्या नोंदवहीत, कुळाचं नाव वडिलांच्या नावासह असतं का? आणि नक्कल भूमी अभिलेखकडे मागायची की तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे?