बाटिक की बातिक? आणि ‘बाटिक प्रिंट’ म्हणजे नक्की काय?

विचारणा:
परवा एका प्रदर्शनात ‘बाटिक प्रिंट’ म्हणून कुर्ता दाखवला. उलटून पाहिला तर आतून जवळजवळ पांढरा. सोबतची मैत्रीण दोन वर्षं जकार्तात राहून आलेली. ती म्हणाली, “हे बातिकच नाही. आणि शब्द बातिक आहे गं, बाटिक नाही.” तर ट की त? आणि ‘बाटिक प्रिंट’ म्हणणं चूक आहे का?

उत्तर:
मैत्रिणीचं जकार्तापुरतं बरोबर आहे. इंडोनेशियन भाषेत तिथे त आहे. पण मेण लावून रंगवलेल्या कापडाचा हा शब्द मूळचा इंडोनेशियातल्या जावा बेटाचा, आणि तिथल्या जावानीज भाषेत आपल्यासारखेच त आणि ट वेगळे आहेत. रोमन लिपीत ट दाखवायला ते ‘टी’पुढे ‘एच’ लावतात, आणि हा शब्द तसाच लिहितात. म्हणजे बाटिक! आपल्याकडे ट आला तो बहुधा इंग्रजीच्या वाटेने, जावात कुणाला न विचारता, तरी पोचला बरोबर घरी. शेवटचा क मात्र जावात घशातच अडवतात, पुरता बाहेर येऊ देत नाहीत.

व्युत्पत्ती काही जण ‘तितिक’शी, म्हणजे ठिपक्याशी, जोडतात, काही जण गोंदणाच्या अर्थाच्या प्राचीन शब्दाशी. मला गोंदण पटतं, कारण काम पाहिलं की तेच आठवतं.

हाताने काढलेल्या बाटिकला इंडोनेशियनमध्ये ‘बातिक तुलिस’ म्हणतात. तुलिस म्हणजे लिहिणे. लेखणीचं नाव चांटिंग: छोटा दांडा, टोकाला तांब्याची बोटभर वाटी, वाटीला बारीक चोच. वितळलेल्या मेणात बुडवायची, चोचीवर हलकी फुंकर घालायची आणि रेघ ओढायची. मेण निवलं तर रेघ कापडात मुरत नाही, फार तापलं तर फिसकटते. चांगल्या कामात कापड उलटून मागूनही तीच रेघ गिरवतात. मग रंगात बुडवायचं. मेणाखालचं कापड कोरं राहतं. पुढच्या रंगासाठी पुन्हा मेण, शेवटी उकळत्या पाण्यात सगळं मेण काढून टाकायचं. एका कापडाला महिने लागतात. आणि बुडवून रंगवल्यामुळे रंग दोन्ही बाजूंनी चढतो, म्हणूनच तुमच्या कुर्त्याची पांढरी आतली बाजू बोलकी आहे.

(आपले वारली लोकही लग्नाचा चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’.)

दुसरं मत:
इतकं सोवळं नको. एकोणिसाव्या शतकात जावातच तांब्याचे ठसे आले, त्या प्रकाराला ‘बातिक चाप’ म्हणतात. हा ‘चाप’ म्हणजे आपलाच छाप, हिंदुस्थानातून मलाय भाषेमार्गे तिकडे गेलेला. म्हणजे बाटिकमध्ये छपाई आहेच की.

उत्तर:
आहे, पण तिथे ठशाने छापतात ते मेण, रंग नव्हे. रंगच छापला तर ती बाटिकची नक्कल. ‘बाटिक प्रिंट’ म्हणणाऱ्या दुकानदाराला एवढंच विचारावं: छापलंय काय?

आणखी एक मत:
मराठीत मात्र बाटिक म्हटलं की डोळ्यांपुढे तडेच येतात. मेणाला भेगा पडून रंग शिरतो ते जाळं. आमच्या घरातल्या बाटिकच्या चादरीवर नक्षी कमी आणि तडेच जास्त होते!

उत्तर:
हा अर्थ आपल्याकडे रुजलेला. रवींद्रनाथ 1927 मध्ये जावाला गेले होते, पुढे शांतिनिकेतनने बाटिक आपलंसं केलं. उज्जैनच्या भेरूगढलाही हे काम चालतं. आपण तड्यांवर भाळलो. जावाच्या सुबक कामात मात्र तडा म्हणजे हात चुकला. तिथे कौतुक रेघेचं. जावातल्या योग्या (योग्याकार्ता) आणि सोलो या शहरांच्या राजदरबारांत तर पारांगची तिरकी नक्षी राजघराण्यासाठी राखून ठेवलेली असे. 2009 मध्ये 2 ऑक्टोबरला युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला वारसा म्हणून मान दिला, त्यातही तंत्र आणि नक्षीचे अर्थ दोन्ही धरलेत. तेव्हा कोशात ‘मेण लावून रंगवलेले कापड’ असा अर्थ द्यावा आणि तडे दुय्यम अर्थात टाकावेत.

पुरवणी:
एक गंमत. बाटिकसाठीच्या पांढऱ्या कापडाला तिकडे ‘मोरी’ म्हणतात, तपकिरी रंगाला ‘सोगा’. आपल्या मोरीशी नि धोतराच्या सोग्याशी काही नातं नाही, शोधू नका. पण सोगा ज्या झाडाच्या सालीतून काढत, ते झाड आपण रोज पाहतो. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पिवळा सडा घालणारा सोनमोहोर.

विचारणा करणारी:
आमच्या फाटकाशीच आहे. कुर्ता परत केला, पैसे मिळाले नाहीत, बदल्यात दोन रुमाल मिळाले. आतूनही रंगीत आहेत.